सातव्या बोल्टवरचा दोर

जानेवारीचा दुसरा रविवार, पाच वर्षांपूर्वीचा. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. भिंतीची उंची बावीस मीटर, त्यात बोल्ट नऊ. हजर तिघं — मी, रोशनी आणि प्रभाकरभाऊ. त्यातला प्रभाकरभाऊ नेमक्या त्या सहा मिनिटांत तिथं नव्हता, चहाचा थर्मास आणायला बांधापलीकडे ठेवलेल्या सामानाकडे गेला होता. म्हणजे खरं तर हजर दोघंच. त्या सहा मिनिटांबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही — एक माणूस सोडून. आणि त्या माणसाला सांगून आज बारा दिवस झाले.

आधी मी कोण ते सांगतो, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी चोवीस वर्षं वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. माझ्या काट्यावर तोललेली गाडी शेतकरी खात्रीसाठी दुसऱ्या काट्यावर नेत नाहीत. हे मी फुशारकीनं सांगत नाही. उलट — ही गोष्ट नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

राजूरच्या पलीकडे, चुनाभट्ट्या मागे टाकून ओढ्यानं तासभर चाललं की एक घळ लागते. तिथं चुनखडीची एक भिंत आहे. सरळ उभी नाही, पुढं झुकलेली — पायथ्याशी उभं राहिलं तर तिचा माथा आपल्या डोक्यावरून चार मीटर पुढं गेलेला असतो. भिंतीतून पाणी झिरपतं. पाण्याबरोबर चुना उतरतो, साकळतो, आणि हजारो वर्षांत त्याच्या सोंडा तयार होतात. खरोखर हत्तीच्या सोंडेसारख्या — खरबरीत, वळ्या पडलेल्या, भिंतीला चिकटून खाली उतरलेल्या. मे महिन्यातही सर्वांत मोठ्या सोंडेच्या टोकाशी थेंब पडतो. अकरा सेकंदांना एक. मी मोजलं आहे.

प्रभाकरभाऊ चित्रकलेचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे. तरुणपणी सह्याद्रीत चढाई शिकून आलेला. त्यानं या भिंतीत ड्रिलनं बोल्ट ठोकले आणि आम्हा पाच-सात जणांना नादाला लावलं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. बायकोनं कपाळावर हात मारला होता. पण दर रविवारी डबा मात्र तिनंच भरून दिला.

चढणारा कमरेला दोर बांधतो, आणि वर जाता जाता एकेका बोल्टला तो दोर अडकवत जातो. खाली एक जण दोराचं दुसरं टोक धरतो. चढणारा पडला तर दोर त्याला झेलतो. पण चढाई 'झाली' असं केव्हा म्हणायचं? पायथ्यापासून माथ्यावरच्या साखळीपर्यंत एकदाही दोरावर वजन न टाकता गेलात, तरच. लटकून श्वास घेतला, दोरानं जरा उचलून धरलं — की ती चढाई मोजत नाहीत. आणि वजन आलं की नाही हे कोण सांगणार? आमच्या भिंतीवर सातव्या बोल्टपाशी चढणारा मोठ्या सोंडेच्या आड जातो, खालून दिसत नाही. तिथं काय झालं ते एकाच ठिकाणी कळतं — दोर धरणाऱ्याच्या हाताला.

म्हणून आमच्या वहीत मी एक रकाना आखला होता. दोर धरणाऱ्याचा शब्द. त्याखाली त्याची सही. तो नियम माझा होता. वहीही माझ्याच कपाटात असते.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. ती घळ आतून वाटीसारखी आहे. त्यामुळे वर चढणाऱ्याचा श्वास खाली दोर धरणाऱ्याच्या कानाशी येतो — अगदी कानाशी, जसा कोणी खांद्यावर हनुवटी टेकवून उभा असावा. आणि खालचं हळू बोललेलंही वर तसंच जातं. नवीन माणूस पहिल्यांदा दचकून मागं वळून पाहतो. मीही पाहिलं होतं. घळीचा आकारच तसा आहे, त्यात दुसरं काही नाही — असं मी सगळ्यांना सांगत आलो.

त्या मोठ्या सोंडेवरून जाणारी वाट कोणीच पूर्ण केलेली नव्हती. प्रभाकरभाऊनं पन्नाशीनंतर नाद सोडला. मी सोडला नाही. चार हिवाळे, चौसष्ट प्रयत्न. पाचव्या बोल्टपासून सोंड दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, गुडघे दोन सोंडांच्या मध्ये रुतवायचे, सरकत सरकत सातव्यापर्यंत जायचं. तिथं सोंड संपते. पुढची पकड हातभर लांब, वर, भिंतीतल्या एका भोकात. मी दर वेळी तिकडं झेप घ्यायचो, आणि दर वेळी पडायचो. जो पहिला जाईल त्यानं वाटेला नाव द्यायचं, असा रिवाज आहे. मी नाव ठरवून ठेवलं होतं. ते इथं लिहीत नाही — लिहायचा मला हक्क नाही.

रोशनी आमच्यात आली ती सव्वीस वर्षांची असताना. वणीच्या एका शाळेत खेळ शिकवायची. माहेर दिग्रसकडच्या तांड्यावर. घरी फोनवर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत. तिनं एकदा सांगितलं होतं की तिच्या पणज्याचे बैल मीठ लादून याच रानांतून जायचे. त्या चालत्या तांड्याला लदेणी म्हणत. ही वाट आपल्याच्यानं झाली तर नाव लदेणी ठेवायचं, असंही म्हणाली होती. अगदी सहज, डबा खाता खाता. मी तेव्हा मान हलवली होती.

त्या रविवारचा तिचा सहावा प्रयत्न होता. माझे चौसष्ट झाले होते, हे पुन्हा सांगतो.

दोर मी धरला होता. पाचवा बोल्ट, सहावा. मग ती सोंडेच्या आड गेली. मला फक्त दोर दिसत होता आणि तिचा श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहत होतो — कशाची? झेपेची. पडण्याची. आज लिहिताना कळतं की मी दोर सांभाळत नव्हतो, तिच्या पडण्याची वाट पाहत होतो. पण झेप आलीच नाही. श्वास संथ होत गेला. तिनं वर कुठंतरी गुडघा असा काही रुतवला होता की तिला झेपेची गरजच उरली नाही. मला चार वर्षांत जे सुचलं नाही ते. बावीस श्वास मी ऐकले. मग ती हसली — हलकेच, स्वतःशीच, माझ्या कानाशी. आणि दोर सरसर वर जायला लागला. आठवा. नववा. साखळी.

त्या सगळ्या वेळात दोर माझ्या हातात सैल होता. दीड हात झोळ. तेव्हाही एकोणीस वर्षं वजन तोलत आलेला हात होता हा. चूक होणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात प्रभाकरभाऊ बांधावरून थर्मास घेऊन आला. त्यानं मान वर केली, ती साखळीपाशी लटकलेली पाहिली.

"गेली का बे पोरगी?"

मी म्हणालो, "गेली. पण सातव्याले दोरावर आली होती."

हेच ते वाक्य. मी आधी ठरवलं होतं का? नाही. तोंडातून निसटलं का? तसंही नाही. मी ते वाक्य येताना पाहिलं, आणि येऊ दिलं. आवाजही हळू ठेवला होता — जसा काही तिचा कमीपणा तिच्या कानावर पडू नये म्हणून. पण घळीचा आकार मला माहीत होता. ते वाक्य बावीस मीटर वर तिच्या कानाशी गेलं असणार, मी शेजारी उभा राहून बोलावं तसं.

सोंडेचा थेंब पडला. आणखी एक पडला. मग ती म्हणाली, "काका, खरंच?"

अजूनही वेळ होती. हाताला भास झाला असेल, असं म्हणता आलं असतं. मी काय केलं? आकडा दिला.

"अर्धा सेकंद. पण आली."

प्रभाकरभाऊ हसला. म्हणाला, काटेवाल्याच्या काट्यातून अर्धा सेकंदही सुटत नाही, पोरी, पुढच्या वेळी त्याला थोडा कापूस चार. काटेवाले हे त्यानं मला ठेवलेलं नाव. मीही हसलो. तिला खाली उतरवताना दोरावर तिचं पूर्ण वजन होतं — त्रेपन्न किलो — आणि माझा हात ते अगदी नीट तोलत होता.

खाली आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दोराची गाठ सोडता सोडता म्हणाली, "मले तं काही जाणवलं नाही. पण तुम्ही म्हणता तं असंल."

वहीत मी लिहिलं — प्रयत्न सहावा, सातव्या बोल्टवर दोराचा आधार, अपूर्ण. खाली सही केली.

तुम्हाला वाटेल, एका रविवारचं काय एवढं? पुढच्या रविवारी पुन्हा चढली असेल. मलाही तसंच वाटलं होतं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. ती त्यानंतर चौदा वेळा त्या वाटेवर गेली. दर वेळी सोंडेच्या आड गेली की थांबायची. श्वास चुकायला लागायचा. मग कानाशी तिचा आवाज यायचा, "काका, सैल आहे नं?" मी खरंच सांगायचो, सैल आहे. पण ती पुढं सरकायची नाही. पुन्हा विचारायची. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता — स्वतःच्या कमरेवर राहिला नव्हता. एकदा खाली आल्यावर म्हणाली, "मी दोरावर हाव का नाही, तेच समजत नाही आता." आणि मग एका रविवारी ती आली नाही. नंतरच्याही नाही. लग्न होऊन पुसदला गेल्याचं पुढं कळलं.

वाट मोकळी झाली. मी प्रयत्न करत राहिलो. तिचा गुडघा कुठं रुतला असेल ते शोधत राहिलो, आणि दोन हिवाळ्यांनी ते सापडलं. माझा एक्याण्णवावा प्रयत्न. दोर प्रभाकरभाऊच्या हातात. सोंडेच्या आड गेलो, गुडघा रुतवला, हात लांबवला — आणि कमर उचलली गेली. दोर ताणला गेला होता. अगदी स्पष्ट. कोणी हळूच माझं वजन काढून घेतल्यासारखं.

मी ओरडलो, सैल सोड. तो खालून म्हणाला, "अबे, गुडघ्यापर्यंत लोंबून राह्यला दोर."

मी तसाच पुढं गेलो. सातवा बोल्ट कमरेच्या खाली गेला. आता दोर मला वर ओढूच शकत नाही — बोल्ट खाली असेल तर दोराची ओढ खालीच असते, यात श्रद्धेचा प्रश्न नाही, हे साधं भूमितीचं आहे. तरीही कमर हलकीच होती. मला त्या क्षणी कोणी काट्यावर उभं केलं असतं तर वजन कमी भरलं असतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या शपथेला आता काय किंमत?

साखळीला हात लावला आणि खाली आलो. वहीत लिहिलं — दोराचा आधार, अपूर्ण. प्रभाकरभाऊ वैतागला. माझा शब्द खोटा पाडतो का, म्हणाला. पण बाकीच्यांनी ते फारच मनावर घेतलं. झालेली चढाई स्वतःहून नाकारणारा माणूस म्हणून ते माझं उदाहरण द्यायला लागले. नव्यानं येणाऱ्याला ते पान उघडून दाखवतात. त्याच वहीत, काही पानं आधी, रोशनीची नोंद आहे.

त्यानंतर मी सात वेळा साखळीपर्यंत गेलो. सातही वेळा दोर ताणलेला. दोर धरणारे तीन वेगवेगळे, तिघंही सांगणार — सैल होता. मी कमरेचा पट्टा, हार्नेस, बदलून पाहिला. दोर बदलला. डॉक्टरांना कंबर दाखवली. ते म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम.

आणि श्वास. भिंतीवर कोणी नसताना, दोर धरायच्या जागेवर उभं राहिलं की उजव्या कानाशी येतो. इतरांना येत नाही — मी आडून आडून विचारून पाहिलं आहे. भर सकाळी, ऊन समोरच्या काठावर असताना, पलीकडे कोणीतरी शेतात बैलांना हाकत असताना. आधी जलद, मग संथ. मी मोजतो, मोजल्याशिवाय राहवत नाही. बावीस होतात. बाविसाव्यानंतर जे यायला हवं, ते येत नाही. मी थांबून राहतो.

तरी मी बोललो का? नाही बोललो. पाच वर्षं नाही.

मागच्या पोळ्यानंतर घळीत गेलो तर मोठी सोंड खाली पडलेली होती. तीन तुकडे. राजूरकडच्या खाणीत दुपारी सुरुंग लागतात, त्यानं भिंत हळूहळू खिळखिळी झाली असेल. मधला तुकडा आतून पोकळ आणि ओला होता. वर पाहिलं. सातवा बोल्ट गुळगुळीत भिंतीत एकटाच चमकत होता, आसपास बोट अडकवायला जागा नाही. त्या वाटेनं आता कोणीही कधीही जाऊ शकणार नाही. तीही नाही.

आणि माझ्या मनात सर्वांत आधी काय आलं? हायसं वाटलं. आता कोणी तपासू शकणार नाही, असं वाटलं. मी त्या ओल्या तुकड्यावर बसलो होतो आणि मला हायसं वाटत होतं. असा मी आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या वाटेनं खरोखर गेलेलं माणूस एकच, आणि त्याचा पुरावा म्हणून जगात उरला होता फक्त माझा हात.

तरीही त्यानंतर कित्येक महिने गेले. तेही लिहायला हवं.

बारा दिवसांपूर्वी मी वही पिशवीत घालून पुसदला गेलो. रोशनीचं शिलाईचं दुकान आहे, दोन मशिनींचं, मागं अंगण. मला पाहून तिला आनंद झाला. तोही मला पाहावा लागला. ती ब्लाउजचं कापड कापत होती. मी बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. सगळं — थर्मास, वाक्य, अर्धा सेकंद. तिची कात्री थांबली नाही. खडूची रेघ संपेपर्यंत कापत राहिली, मग कात्री खाली ठेवली.

"किती सैल होता?"

"दीड हात."

"सारा वेळ?"

"सारा वेळ."

मी वही उघडून दाखवली. जुनी नोंद खोडून खाली खरं लिहून, सही करून नेलं होतं. वाटेच्या नावाची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. तिनं वहीला हात लावला नाही. म्हणाली, नाव नका टाकू, ज्याच्यावरून चढली ते तं पडलं. मग बराच वेळ दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं सांगत राहिली — कुलूप लागलं का ते दोनदा ओढून पाहते, गॅस बंद केला का ते दोनदा, कापडाचं माप दोनदा नाही तर तीनदा. गिऱ्हाईक हसतात, नवरा हसतो. पहिले अशी नव्हती मी, म्हणाली. मी ऐकून घेतलं.

मग ती उठून अंगणात गेली. कपडे वाळत घालायची दोरी एका खिळ्यावरून सोडली आणि टोक माझ्या हातात दिलं.

"डोळे मिटा, काका."

मी मिटले. दुसरं टोक घेऊन ती लांब गेली, ते पावलांवरून कळलं.

"आता?"

"सैल."

"आता?"

"ताण आहे."

"आता?"

"सैल."

ती विचारत गेली, मी सांगत गेलो. नवव्या वेळी तिनं ओढलंही नसावं, नुसतं बोट टेकवलं असावं. मी म्हणालो, ताण आहे. दहाव्या वेळी सैल. रस्त्यावरून एक गाडी गेली. मी डोळे मिटूनच उभा होतो — उघडायला सांगितलं नव्हतं.

"दहाच्या दहा," ती म्हणाली. "हाताले तं सारं समजते तुमच्या."

माझ्या बोटांतून दोरी निघून गेली. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडं पाठ करून दोरी पुन्हा खिळ्याला बांधत होती. गाठ मारली. एकदाच ओढून पाहिली, आणि आत गेली.